रामकिशनचे वाकडे दात

बोरीच्या रामकिशनचे वरचे पुढचे दोन दात एकमेकांच्या अंगावर चढलेले होते, एसटीत जागा धरताना माणसं चढतात तसे. त्याच दातांखाली क्लॅरोनेट धरून त्यानं माणिकरावांच्या बँडमध्ये आख्खी जवानी काढली. लग्नसराईत वाजवायचं, बाकी दिवस दोन एकरांत तूर-सोयाबीन. पण कुणी काम विचारलं तर त्यानं स्वतःला शेतकरी कधी म्हणवलं नाही. तो वाजवणारा होता, बस्स.

आणि तेच दात तंबाखूनं खाल्ले. हिरड्या सुजल्या, दात हलायला लागले, क्लॅरोनेट तोंडात धरली की डोळ्यांतून घळाघळा पाणी. त्या उन्हाळ्यात माणिकरावांनी त्याच्या हाती खुळखुळा दिला. आता तुम्हीच सांगा, ज्याच्या सुरावर वरमाया पदर खोचून नाचल्या, त्यानं पन्नाशी उलटल्यावर खुळखुळा हलवायचा? वर माणिकरावांनी बजावलं, "तुळशीच्या लग्नापस्तोर थांबतो, रामकिशन. मंग दुसरा माणूस बघावा लागंल." माणिकराव वाईट नव्हते, पण बँड काही मायेवर चालत नसतो.

शेवटी बायकोनं, धुरपदाबाईनं, त्याला जिंतूरला दातांच्या डॉक्टर राजेश्रीबाईंकडं ओढत नेलं. ओढतच म्हणायचं, कारण दातांचं माप घेताना तोंडात लगदा कोंबतात आणि जीव जायची पाळी येते, असं शेजाऱ्यानं सांगून ठेवलं होतं. तसलं काही झालंच नाही. बाईंनी जाड पेनासारखा कॅमेरा तोंडात फिरवला आणि समोरच्या पडद्यावर त्याचं तोंड उमटलं, दात न् दात, जसंच्या तसं. आपले दात आतून कसे दिसतात हे रामकिशननं जन्मात पहिल्यांदा पाहिलं.

"हे दोन काढावेच लागतील, काका," बाई म्हणाल्या. "यांचं माप कॉम्प्युटरात राहील. जखम पूर्ण भरली की नवे बसवू." तंबाखू सोडायची शपथही त्यांनी घातली. ती त्यानं पाळली, निदान बायकोदेखत तरी.

पावसाळा सरला, हिरडी भरली. दिवाळी झाल्यावर रामकिशन एकटाच गेला आणि तिथंच त्याला दुर्बुद्धी सुचली. "म्याडम, नवे करायलाच लागलात तर सरळ करा. पांढरे, एका रांगेत. नवरदेवावानी."

"वाजवायला जमेल ना?"

"वाजवतो मी, म्याडम. दात थोडेच वाजवतेत?"

बाईंनी पडद्यावर दात आखले आणि मशीननं दुपारपर्यंत ते घडवलेसुद्धा. "हे कच्चे आहेत. लावून बघा, पटले तर पक्के करू," असं बजावून त्यांनी बसवून दिले. पठ्ठ्या बोरीपर्यंत ओळखीबिनओळखीच्या सगळ्यांकडं बघून हसत आला.

घरी येऊन क्लॅरोनेट तोंडाला लावली तर नुसती फुस्स. जोर केला तर शेपटीवर पाय पडलेल्या मांजरागत किंचाळली. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. सरळ दातांवर ती बसेचना. तुळशीचं लग्न तोंडावर आलेलं. रामकिशन क्लॅरोनेट मांडीवर घेऊन बाजेवर बसला.

"मपल्या हातानं मपलं वाटोळं केलं मी," तो म्हणाला.

"केलंच की," धुरपदाबाई म्हणाली. तिनं कधी खोटा धीर दिला नाही. "मला तर परका माणूस घरात शिरल्यावानी वाटायलंय. चला, बाईंला सांगू. ते वाजवायचं घ्या संगं."

"काय तोंडानं सांगू?"

"हाय त्याच तोंडानं सांगा."

राजेश्रीबाई रागावल्या नाहीत. त्यांनी कॉम्प्युटरातलं जुनं माप काढलं. पडद्यावर तेच दोन दात आले, एकावर एक चढलेले, आणि खालच्या कडेला क्लॅरोनेट टेकून टेकून झिजलेली खाचसुद्धा. काढून टाकलेले दात असे पुन्हा समोर बघून रामकिशनला भरून आलं.

"हेच हवेत?"

"हेच, म्याडम. वाकडे तर वाकडे."

"वाकडे दात मागायला आलेले तुम्ही पहिलेच," बाई हसून म्हणाल्या. जुन्या मापावरून मशीननं पुन्हा दात घडवले, बाईंनी ते बसवले आणि घासूनपुसून नीट केले. मग म्हणाल्या, "इथंच वाजवून बघा. चुकलं तर आत्ताच दुरुस्त करते."

रामकिशननं डोळे मिटून फुंकर घातली. सूर निघाला. स्वच्छ, भरलेला, पूर्वी निघायचा तसाच. बाहेर गाल धरून बसलेले पेशंट दाराशी येऊन उभे राहिले. धुरपदाबाईनं कुणाला न विचारता माणिकरावांना फोन लावला आणि क्लॅरोनेटपुढं धरला.

माणिकरावांनी गाणं संपेपर्यंत ऐकलं. मग त्यांचा आवाज आला, "शुक्रवारी वालूरला वरात हाय. म्होरं तूच चालायचास. येतूस का न्हाई?"

रामकिशननं उपरण्यात तोंड खुपसलं. बायकोनं फोन आपल्या कानाला लावला.

"येतेत," ती म्हणाली. "आत्ता जरा रडायलेत."