बारा व्होल्टचं गाव

धाकटी जाऊ लग्न होऊन येईपर्यंत लातूरच्या घरी महालक्ष्म्यांपुढची आरास माझी होती. मी नांदेडहून दोन दिवस आधी यायची, रांगोळी काढायची, खेळणी मांडायची. हळदी-कुंकवाला आलेल्या बाया सासूबाईंना विचारायच्या, थोरलीनं केलं का हे? तेवढ्यावर मी वर्षभर मिरवायची. खोटं कशाला बोलू.

मग ही आली. आयटीआय शिकलेली. पहिल्याच वर्षी फळीवर पुठ्ठ्याचं गाव उभं केलं आणि घराघरांत गव्हाच्या दाण्याएवढे दिवे लावले, पन्नास-साठ तरी असतील. बाया माझी रांगोळी ओलांडून तिकडं. सासूबाई म्हणाल्या, आता आरास धाकटीलाच करू दे, थोरलीचे गुडघे दुखतात. माझे गुडघे! मी कधी नाव तरी काढलं होतं का गुडघ्यांचं?

यंदा मीही नांदेडहून दहा घरं करून आणली. खोकं मांडीवर होतं म्हणून अहमदपूरला एसटी थांबली तरी चहाला उतरले नाही. फुलं ओवावीत तशी एका दिव्याची वायर दुसऱ्याला, दुसऱ्याची तिसऱ्याला जोडली होती. लातूरला बटण दाबलं, तर दिवे नुसते लालसर, जीव गेल्यासारखे. त्यातला एक निखळला आणि दहाच्या दहा गेले. मधल्या दिरांची पोरगी फिदीफिदी हसली.

जाऊ हसली नाही, तेच जास्त लागलं. समजावून सांगायला बसली. दिवा बारा व्होल्टचा; एका माळेत जोडले की तेच बारा व्होल्ट सगळ्यांत वाटले जातात. म्हणून फळीखालून दोन जाड तारा न्यायच्या आणि प्रत्येक घराच्या वायरी थेट त्यांनाच जोडायच्या. पंगतीत प्रत्येकाला वेगळं पान वाढतो, तसं. दिवे जास्त असले की अ‍ॅडॅप्टरही दणकट लागतो. मी नुसती हाव, हाव म्हणत मान हलवत होते. मनात एकच चाललं होतं, हिचं गाव विझलं पाहिजे.

दुसऱ्या दिवशी पुरणाचा नैवेद्य झाला. बाया यायला अजून वेळ होता, दिवे बंद होते, जाऊ साडी बदलायला आत गेली. मी फळी जराशी उचलली आणि हाताला लागली ती वायर ओढली. एक गेला की सगळे जातात, एवढंच मला ठाऊक. मग शहाण्यासारखी जाऊन कुंकवाचा करंडा घेऊन बसले.

बाया जमल्या. जावेनं बटण दाबलं. देऊळ, शाळा, वेस, सगळं गाव लख्ख उजळलं. एकच घर अंधारं राहिलं.

ती एकेक घर दाखवत निघाली. हे तिचं जळकोटचं माहेर, हे सासूबाईंचं घर.

"आणि हे आमच्या अक्कांचं नांदेडचं घर. सगळ्यात आधी हेच केलं होतं," ती म्हणाली आणि तिचं बोट त्या अंधारात थांबलं.

हिरवं दार होतं. जिन्याखाली माझी तुळससुद्धा होती. तिनं वाकून फळीखाली पाहिलं, तुटलेलं टोक हातात धरलं, एकदा माझ्याकडं बघितलं आणि बायांना सांगितलं की वायर जोडताना तिचाच कथलाचा डाग कच्चा राहिला. तेव्हा बोलायला पाहिजे होतं. मी कुंकू लावत बसले.

तिसऱ्या दिवशी महालक्ष्म्या उठल्यावर गाव खोक्यात भरताना सांगून टाकलं, वायर मी ओढली.

"ठाऊक हाय, अक्का. कच्चा डाग असा तुटत न्हाई," ती म्हणाली. "सासूबाईंना बोलले मी. पुढच्या वर्षी आरास तुम्ही करा. वायरिंगला मी येते."

जे पाहिजे होतं ते मिळालं, ते पण हिच्याच हातून. भांडली असती तर बरं झालं असतं. आता हिच्या चांगुलपणावरही मीच जळायचं का?