हाडांच्या वॉर्डातल्या मावशी

"खरं बोला. माणसाची गोळी दिली का?"

दारात चप्पल काढण्याआधीच मावशी हे विचारायच्या. ज्याच्या घरी म्हातारं कुत्रं, त्याला हा प्रश्न ठरलेला. उत्तर देणाऱ्याकडं एकदा रोखून बघत आणि मग कुत्र्याजवळ फतकल मारून बसत.

तुमच्याही गल्लीत असं एखादं माणूस असेल, ज्याचा उद्योग नेमका काय ते कुणालाच सांगता येत नाही. आमच्या मावशी सरकारी दवाखान्यात हाडांच्या वॉर्डात आया होत्या. मोडलेली माणसं उचलण्यात, कुशीवर वळवण्यात हयात गेली. निवृत्तीनंतर क्रांती चौकामागच्या आमच्या कॉलनीत खोली घेतली आणि म्हाताऱ्या कुत्र्यांचे सांधे बघू लागल्या. म्हणत, "माणसं लई झाली. कुत्रं निदान सुनेची गाऱ्हाणी सांगत नाय."

आमचा कुत्रा राजा तेरा वर्षांचा. खरं तर वडिलांचा. आई गेल्यावर दिवसभर घरात ते दोघंच. त्या हिवाळ्यात राजाला मागचे पाय उचलेनात. गुळगुळीत फरशीवर ते दोन बाजूंना फाकत आणि तो लाज वाटल्यासारखा तसाच बसून राही.

मावशींनी पहिल्याच दिवशी घरभर गोणपाट अंथरलं. जुनं लुगडं दुमडून राजाच्या पोटाखालून घेतलं, दोन्ही टोकं धरून मागचं अंग अलगद उचललं. "ओढायचं नाय. नुसता आधार द्यायचा. चालायचं त्यानंच." जेवणाचं भांडं दोन विटांवर ठेवलं. तुपाची पोळी बंद केली.

"एवढीशीच देतो हो," वडील म्हणाले.

"त्या एवढ्याशीचं वजन त्याच्या पायावर बसतं, दादा. तुमच्या नाय."

महिन्याभरात राजा फाटकापर्यंत जाऊ लागला. मग थंडी वाढली. मावशी बहिणीकडं बिडकीनला गेल्या होत्या. राजा दिवसभर कण्हायचा आणि वडील त्याच्याशेजारी बसून जेवण टाळायचे. जनावरांच्या डॉक्टरकडं न्यायला हवं होतं. मी शिकवतो त्या शाळेत परीक्षा होत्या. फळीवर वडिलांच्या गुडघ्याच्या गोळ्या होत्या. मी अर्धी मोडून पोळीत घातली. राजा शांत झोपला. दुसऱ्या दिवशी पूर्ण दिली. तिसऱ्या दिवशीही.

चौथ्या दिवशी त्यानं खाणं सोडलं, उलट्या सुरू झाल्या. मावशी परतल्या होत्या, बोलावल्याबरोबर आल्या. प्रश्न आलाच.

"नाही," मी म्हणालो. वडील शेजारी उभे होते.

राजानं गोणपाटावर घाण केली, रक्त मिसळून डांबरासारखी काळी झालेली. मावशींनी ती पाहिली, मग मला पाहिलं. पुन्हा विचारलं नाही. रिक्षा बोलावली, वडिलांना घरीच थांबवलं. डॉक्टरांना आपण होऊन म्हणाल्या, "माणसाची गोळी गेलीय पोटात." कुणी दिली, ते बोलल्या नाहीत. दोन दिवस सलाइन चाललं. तिसऱ्या दिवशी राजा गेला.

"कशानं गेला?" वडिलांनी विचारलं.

"वय झालं होतं, दादा."

मी मावशींना फाटकापर्यंत सोडायला गेलो.

"किती दिल्या, मास्तर?"

"तीन दिवस."

त्या फाटकाला धरून उभ्या राहिल्या. "मी दोनच दिवस दिल्या होत्या. माझ्या कुत्र्याला, काळूला, माझ्याच गोळ्या. आख्खा जन्म वॉर्डात काढला, पण एवढं ठावं नव्हतं." नंतर म्हणाल्या, "हे कुणाला बोलले नाय आजवर."

पुढच्या वर्षी त्या न्हाणीत घसरल्या, खुब्याचं हाड मोडलं. भाच्यानं वैजापूरला नेलं. मी एकदा भेटायला गेलो. मावशी भिंतीकडं तोंड करून पडल्या होत्या, अंग निम्मं राहिलं होतं.

"वडलांना सांगितलं?"

"नाही."

"मला वाटलं होतं, तुमाला सांगून हलकं वाटंल. नाय वाटलं." मग म्हणाल्या, "तरी सांगा. म्हातारा माणूस उगी वयाला दोष देत बसतो."

मी सांगितलं नाही. दोन महिन्यांनी भाच्याचा फोन आला, मावशी गेल्या. त्या संध्याकाळी वडील ओट्यावर बसले होते. मी शेजारी बसलो आणि गोळ्यांचं सगळं सांगितलं, अर्धीपासून. ते रस्त्याकडं बघत ऐकत होते. रागावले नाहीत.

"त्याला लई दुखलं असेल का?" त्यांनी विचारलं.

"हो," मी म्हणालो.