टँकरचा पाऊस आणि पांढरा शर्ट

माझ्या लग्नापेक्षा लग्नाआधीच्या फोटोंना जास्त माणसं हजर होती, आणि त्यातल्या एकालाही मी बोलावलं नव्हतं.

साखरपुडा नुकताच झाला होता. मंजिरी शहरातली, मी देवगाव रंगारीचा, नोकरीसाठी शहरात आलेला. त्यामुळं आपण गावठी दिसू नये, हा एकच ध्यास! फोटोग्राफर सनीनं सांगितलं, "भैया, तालाब के किनारे, सुबह की धुंद में. एकदम पिक्चर!" मी लगेच मान डोलावली.

डिसेंबरच्या कडाक्यात, भल्या पहाटे आम्ही तलावावर पोचलो. तलाव होता, पाणी नव्हतं! पाऊस सलग दुसऱ्या वर्षी रुसलेला. तळाला भेगा, आणि मधोमध पोरांनी क्रिकेटची पिच आखलेली.

"टेन्शन नक्को लो," सनी म्हणाला. "बारिश अपन बनाते. टँकर मंगाते!"

"या थंडीत?" मंजिरीनं विचारलं.

"त्यातच तर मजा असते," मी ऐटीत म्हणालो. (बोलताना मी स्वेटरमध्ये होतो.)

शहराबाहेर, जिथं कालपरवापर्यंत ज्वारी होती तिथं प्लॉट पाडले होते. शेजारी एक नवी कोरी कॉलनी. तिथं टँकर उभा केला. टँकरवाला वर चढला, पाइप आभाळाकडं धरला. माझ्या अंगात पातळ पांढरा शर्ट, वरची बटणं उघडी. मंजिरीनं निदान शिफॉनच्या साडीखाली थर्मल घातलं होतं! पहिली धार मानेवर पडली आणि तिच्या कानात सांगायचं प्रेमाचं वाक्य "आई गं!" होऊन बाहेर पडलं.

"दूल्हेराजा, दात मत बजाओ!" सनी ओरडला. "व्हिडिओ में आवाज आरी!"

तेवढ्यात कॉलनीच्या एका गॅलरीतून आरोळी आली, "अगं बायांनो, टँकर आला गं!"

बघता बघता हंडे, बादल्या, पिंप, एक प्रेशर कुकरसुद्धा! (त्यात आधीची डाळ होती.) सगळ्यांत पुढच्या मावशी कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "काय रं भाऊ, इथं आठ-आठ दिवस नळाला पाणी नाय अन् तू पाण्यात नाचायलास व्हय?"

मी घाबरून थाप मारली, "मावशी, हे खारं पाणी आहे. पिण्याचं नाय."

मावशींनी माझ्या बाहीतून निथळणारं पाणी ओंजळीत धरलं आणि चाखलं! "लई ग्वाड हाय की!"

हशा पिकला. मंजिरी मात्र हसली नाही. "तुम्ही असं सरळ खोटं बोलता?" ती हळूच म्हणाली. "अजून साखरपुडाच झालाय हं आपला."

तिनं पदर खोचला, टँकरवाल्याकडून पाइप घेतला आणि हुकूम सोडला, "रांगेत या सगळ्या! आणि आजीबाईंचे हंडे हे पोचवतील."

"हे" म्हणजे मी! इमारतीत लिफ्टची जागा होती, लिफ्ट नव्हती. आजीबाई मात्र एकूणएक वरच्या मजल्यावरच राहत होत्या. वर हंडा ठेवला की खालून हाक, "अहो पांढरा शर्ट, इकडं या!" सनी माझ्याकडं ढुंकूनही न बघता मंजिरीचे फोटो काढत सुटला. "भाभी, क्या फील दिया! एक और बादली!"

टँकर रिकामा झाला तेव्हा माझे ओठ निळे पडले होते. एका आजींनी मला उलट्या बादलीवर बसवलं, घोंगडी पांघरली, डोक्याला मफलर बांधला आणि चहाची वाटी हातात दिली. मंजिरी समोर येऊन बसली. माझे लटलटणारे हात बघून शेवटी खुदकन हसली. "हंडे तरी खरे वाहिलेत तुम्ही," ती म्हणाली. "चालेल." लग्न वाचलं!

त्या सकाळचा एकच जोडफोटो धड आला. मंजिरी हातात पाइप धरून उजळलेली, आणि मागं बादलीवर घोंगडीत मी. तो आता आमच्या हॉलमध्ये आहे. परवा नव्या शेजारीण काकूंनी विचारलं, "हे मागं बसलेले तुझे सासरे का गं?"

"व्हय," मंजिरी पापणीही न हलवता म्हणाली. "लई थकलेत."

तेवढ्यात मी चहाचा ट्रे घेऊन बाहेर आलो. काकूंनी एकदा फोटोकडं बघितलं, एकदा माझ्याकडं, आणि कौतुकानं म्हणाल्या, "अगदी वडिलांवर गेलात हो तुम्ही!"