देवरेबाईंच्या व्हिडिओतली चूक

प्रा. शोभा देवरे यांची आणि माझी पहिली भेट सातपूरच्या आमच्या तंत्रनिकेतनात, शिक्षकांच्या खोलीत झाली. मी त्यांना रीतसर चहा विचारला, तर त्यांनीच मला विचारले, "कशासाठी?" माणसावर एकदम विश्वास टाकायचा नाही, ही त्यांची रीत मला त्याच दिवशी कळली. आज त्यांच्या साठीनिमित्त लिहिताना, त्या हा लेख लाल पेन घेऊनच वाचणार याची मला खात्री आहे.

पुढे बाईंनी वर्गात गणित शिकवणेच बंद केले. धडा मोबाइलवर, मुलांनी तो घरी आपल्या सवडीने, हवा तिथे थांबवून पाहायचा आणि वर्गात येऊन फक्त उदाहरणे सोडवायची. फळा टाळायची ही नवी युक्ती, असे मी चारचौघांत बोलूनही दाखवले. कारखान्यात पाळी करून येणारी मुले घरी कसले धडे पाहतात! पण बाईंचा संशय माझ्याही वरताण निघाला. 'पाहिला, समजला' या दोन शब्दांवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. म्हणून प्रत्येक व्हिडिओत त्या एक चूक मुद्दाम घालत. ज्याने तो पाहिला तो वर्गात येऊन भांडे. ज्याने नुसताच चालू ठेवला तो मान डोलावी आणि सापडे.

एकलहऱ्याची पल्लवी ना भांडायची, ना मान डोलवायची. गणित पुन्हा राहिले असते तर वडील तिचे शिक्षण थांबवणार होते. ती धडे पाहतच नसावी, असा माझा कयास. बाईंना मात्र कोण व्हिडिओ कुठपर्यंत पाहतो ते संगणकावर दिसे. अगदी शेवटपर्यंत एकच मोबाइल पोचत होता, पल्लवीच्या वडिलांचा.

एका सकाळी मी त्यांच्या वर्गात मागे जाऊन बसलो. मुलांनी ठरलेली चूक पकडली. तेवढ्यात पल्लवी उठून म्हणाली, "मॅडम, शेवटाला अजून एक हाय. उणे चिन्ह सुटलंय."

मुले हसली. बाईंनी व्हिडिओचा शेवट लावून पाहिला आणि गडबडल्यावरच तोंडी येणाऱ्या आपल्या सटाण्याच्या बोलीत म्हणाल्या, "हाई मनी चूक शे." ही चूक माझीच, मुद्दाम घातलेली नाही, पल्लवीने मलाच पकडले, असे त्यांनी मग सगळ्या वर्गाला सांगितले. त्या दिवसापासून मुले पल्लवीला अडचणी विचारू लागली. तिचे गणित सुटले, आज ती शेवटच्या वर्षाला आहे. मला त्याचा फार आनंद वाटतो.

तरी मला चैन नाही. इतकी वर्षे ज्यांचे एक चिन्ह इकडचे तिकडे झाले नाही, त्यांची चूक नेमकी तिथेच कशी, जिथे एकच मुलगी पोचते? मी बाईंना सरळच विचारले. "सर, तुम्हाला फार संशय येतो," एवढेच बोलून त्या तासाला निघून गेल्या.

बाईंची तब्येत अशीच ठणठणीत राहो. खरे काय ते मला सांगितल्याशिवाय त्यांनी कुठेही जायचे नाही, आणि ते त्यांनी इतक्यात मुळीच सांगू नये.