रेडिओवरचे श्रावणबाळ

शामसुंदर गर्गे हे नाव तुम्ही ऐकलं नसेल, पण नाशकात राहत असाल आणि संध्याकाळी सातला स्वयंपाक करताना रेडिओ लावत असाल, तर त्यांचा आवाज तुमच्या कानावरून नक्की गेलेला आहे. त्या वेळी ‘गाठीभेटी’ नावाचा कार्यक्रम लागतो. गावातल्या साध्यासुध्या माणसांना बोलावतात, त्यांची कहाणी विचारतात. कोणी जन्मभर घड्याळं दुरुस्त केलेली असतात, कोणी घाटावर भाजी विकून मुलं शिकवलेली असतात. ही माणसं बिचकत येतात, चार वाक्यं बोलतात आणि आपापल्या कामाला निघून जातात. शामराव मात्र एकदा आले ते गेलेच नाहीत.

मी त्यांच्या समोरच्या दारात राहते. आयुष्यभर शाळेत शिकवलं, त्यामुळे कोणी कोणाच्या वहीतून उतरवलंय हे मला लांबून कळतं. शामराव सगळंच दुसऱ्याच्या वहीतून उतरवतात.

सरकारी कचेरीत त्यांनी नोकरी केली. तिथे नेमकं काय केलं ते त्यांना स्वतःलाही धड सांगता येत नाही. निवृत्तीनंतर रेडिओच्या कसल्याशा कोड्यात त्यांना बक्षीस लागलं. ते घ्यायला गेले, त्या संध्याकाळी ठरलेला पाहुणा आलाच नाही. कार्यक्रम करणारी मृण्मयी, सव्वीस-सत्तावीसची पोर, अगदी रडकुंडीला आली होती. शामराव म्हणाले, मी बसतो की. विषय होता ‘माझी सायकल’. शामरावांना सायकल येत नाही. तरी अर्धा तास बोलले, आणि मृण्मयी म्हणाली, “किती सुंदर, सर.” तिला सगळंच सुंदर वाटतं. तिच्यापुढे कोणी दाढदुखी सांगितली तरी ती सुंदरच म्हणेल.

झालं. तेव्हापासून पाहुणा चुकला की शामराव हजर. चिमण्यांविषयी बोलायला शामराव, मधुमेहाविषयी बोलायला शामराव. एकोणसत्तरच्या महापुराचे साक्षीदार म्हणूनही हेच बसले. त्या साली ते नांदगावला मामाकडे होते. तिथे त्यांनी पाणी पाहिलं असेल ते घागरीतलं.

एवढ्यावर थांबले असते तर मी म्हटलं असतं, बोलू दे बापड्याला, हवा काही कोणाच्या बापाची नाही. पण मागच्या हिवाळ्यात आमच्या पार्किंगमध्ये बिबट्या शिरला. आमचा वॉचमन धोंडीराम, पेठकडचा माणूस, त्यानं पत्र्याचा डबा बडवत बडवत त्याला भिंतीपलीकडे घालवलं. शामराव त्या वेळी दुसऱ्या मजल्यावर न्हाणीघराच्या खिडकीत होते आणि खिडकीला कडी होती. चार दिवसांनी रेडिओवर ऐकते तर डबा शामरावांच्या हातात. मी तणतणत खाली गेले, धोंडीरामला म्हटलं, अरे ऐकलंस का? तो म्हणाला, “जाऊ द्या ना मॅडम. बिबट्या काय माझ्या बापाचा हाय? पाहिजे त्यानं घ्यावा.”

धोंडीरामला ते परवडलं. प्रत्येकाला परवडत नाही.

शामरावांच्या आईंना अर्धांगवायू झाला होता. चार वर्षं त्या अंथरुणात होत्या. त्या चार वर्षांत त्यांची कूस बदलली श्यामलानं, म्हणजे शामरावांच्या बायकोनं. अंग पुसलं तिनं, पेज भरवली तिनं, पाठीला जखम होऊ नये म्हणून दिवसातून कितीदा तरी पावडर लावली ती तिनंच. या काळात ती एका लग्नाला गेली नाही, की माझ्याकडे सुखानं चहाला बसली नाही. आणि शामराव? ते सकाळी दारात उभे राहून “आई, बरं वाटतंय ना?” असं विचारायचे आणि फिरायला जायचे. त्या बाईला बोलता येत नव्हतं, त्यामुळे उत्तरासाठी थांबायचा प्रश्नच नव्हता. खोलीत वास येतो म्हणून त्यांनी स्वतःची गादी हॉलमध्ये नेली होती.

आई गेल्या. त्याला वर्ष झालं असेल-नसेल, आणि ‘गाठीभेटी’त आईवर कार्यक्रम ठेवला. त्या संध्याकाळी श्यामला माझ्याकडे मेथी निवडत बसली होती. रेडिओतून शामरावांचा गहिवरलेला आवाज आला. “मी आईला भरवायचो. मी तिचं अंथरूण बदलायचो. रोज सकाळी तिची वेणी मी घालायचो.” मृण्मयीला हुंदका आवरेना. माझ्या हातातली जुडी तशीच राहिली. श्यामलानं एक काडी खुडली आणि म्हणाली, “वेणी कुठली हो, ललिताताई? केसांचा गुंता व्हायचा म्हणून मी पहिल्याच महिन्यात कापून टाकले होते.”

बस, एवढंच बोलली. मला तिचा राग आला. नवऱ्याचा येत होताच, पण तिचाही आला. माणसानं इतकं गप्प राहू नये.

पुढे ती मुलाखत मोबाइलवर फिरली. कुठल्याशा मंडळानं शामरावांना श्रावणबाळ म्हणून मानपत्र, शाल आणि नारळ दिला. शालीची घडी मोडायची नाही अशी घरात ताकीद होती. नारळाची मात्र श्यामलाकडून चटणी करून घेतली आणि डोशाबरोबर खाल्ली. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो असा डोसे खातो हे मला तेव्हा कळलं.

मग भाद्रपदात येवल्याहून फोन आला. श्यामलाची मोठी बहीण, तिची आक्का, अंगणात घसरली आणि मांडीचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, घरी आणलं. आक्का विधवा, मूलबाळ नाही. शेजारी पैठणी विणणारं कुटुंब आहे, त्यातल्या बायका माग सोडून पाळीपाळीनं तिला उठवत-बसवत होत्या. पण शेजाऱ्यांनी तरी किती करायचं? श्यामलाची आई लवकर गेली, तिला या आक्कानंच वाढवलं. स्वतःचं शिक्षण सोडून हिला बी. ए. केलं. तिच्यापाशी जाऊन राहायचं, ती चालू लागेपर्यंत तिचं करायचं, एवढीच श्यामलाची इच्छा होती. लग्नानंतर तिनं मागितलेली ही दुसरी-तिसरी गोष्ट असावी.

शामराव म्हणाले, “आणि माझ्या जेवणाचं काय?”

श्यामला म्हणाली, डबा लावू. डब्यानं त्यांना पित्त होतं. ललिताताई देतील. दुसऱ्यांच्या घरचं तिखट असतं. “मला साधा चहा करता येत नाही, तुला माहीत आहे. आक्कांना म्हणावं, एखादी बाई ठेवा.” हे बोलत होते तेव्हा मागे भिंतीवर श्रावणबाळाचं मानपत्र लटकत होतं. मी समोर बसले होते आणि माझ्या तोंडात त्यांचाच चहा होता, म्हणून गप्प राहिले.

बाहेर आल्यावर श्यामलाला म्हटलं, “अगं, त्यांना विचारतेस कशाला? पिशवी भर आणि जा. आता एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, तेही फुकट जातंय तुझं.” ती म्हणाली, “जाईन हो. पण आईंच्या दुखण्याआधी एकदा गेले होते, आक्काच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं तेव्हा. हे सकाळ-संध्याकाळ फोन करायचे. जिरं कुठंय, उपाशी झोपलो, ब्लडप्रेशर वाढलंय. आक्काला सगळं ऐकू जायचं. तिसऱ्या दिवशी तिनंच माझी पिशवी भरली. म्हणाली, माझ्यापायी तुझ्या संसारात कटकट नको. यांनी मनापासून जा म्हटलंय असं तिला पटल्याशिवाय ती मला ठेवूनच घेणार नाही. फार मानी आहे.”

आणि शामराव मनापासून जा म्हणणार कधी, तर गोदावरी उलटी त्र्यंबकला वाहील तेव्हा.

ऑक्टोबरच्या सुरुवातीला ज्येष्ठ नागरिक दिन येतो. त्यानिमित्त मृण्मयीनं ठरवलं, की श्रावणबाळाच्या घरूनच थेट कार्यक्रम करायचा. शामरावांना आनंदानं जेवण जाईना. म्हणजे गेलं, पण नेहमीपेक्षा एक पोळी कमी. हॉलमधला पंखा पुसून घेतला, तोही श्यामलाकडून. शेजारी म्हणून मलाही बोलावलं, वर ताकीद दिली, की मध्ये खोकू नका.

कार्यक्रमाच्या दिवशी दुपारी श्यामला माझ्याकडे आली. “ललिताताई, हा कार्यक्रम येवल्याला मोबाइलवर लागतो का हो?” लागतो म्हटलं, कसा लावायचा तेही सांगितलं. मनात म्हटलं, बाई, आता बहिणीलाही नवऱ्याचं कौतुक ऐकवायचंय का तुला? कीव आली मला तिची.

सातला सुरुवात झाली. मृण्मयी माइक घेऊन सोफ्यावर, शेजारी शामराव, खांद्यावर ती शाल. नाशिकची हवा किती बदलली इथून सुरू करून ते आईवर आले आणि आईवरून स्वयंपाकघरात शिरले. “पुरुषाला सगळं यायलाच हवं. वरण-भात, पोळ्या, भाजी, मी सगळं करतो. बायकोवर अवलंबून राहणारा नवरा म्हणजे घराला ओझं. आणि एक सांगतो, मृण्मयी, दुखणाइताची सेवा करण्यासारखं पुण्य नाही. घरात कोणी आजारी असेल तर बाकी सगळं सोडून आधी तिथे धावलं पाहिजे.” उचलली जीभ, लावली टाळ्याला. मी खोकले. मुद्दाम खोकले.

“किती सुंदर,” मृण्मयी म्हणाली, आणि तेवढ्यात श्यामला कॉफीचा ट्रे घेऊन बाहेर आली. “काकू, तुम्ही पण दोन शब्द बोला ना.”

“ती जरा लाजरी आहे,” शामराव म्हणाले.

श्यामलानं ट्रे ठेवला, पदराला हात पुसले आणि माइकसमोर बसली. आवाज जराही कापला नाही तिचा. “मी काय निराळं सांगणार? यांना सगळं येतं ते तुम्ही ऐकलंच, म्हणून मला घोर नाही. येवल्याला माझी आक्का अंथरुणावर आहे. दुखणाइताकडे आधी धावलं पाहिजे, असं हे आत्ताच म्हणाले. मी उद्या सकाळच्या गाडीनं तिच्याकडे निघते आहे, ती चालायला लागेपर्यंत. आक्का, तू ऐकते आहेस ना? यांनी मनापासून पाठवलंय गं. इथली काही काळजी करू नकोस.” मग नवऱ्याकडे वळून म्हणाली, “हो ना?”

नाशिक जिल्हा कान देऊन बसला होता. मृण्मयीनं माइक त्यांच्या तोंडाशी नेला.

“हो,” शामराव म्हणाले. “म्हणजे... अवश्य. चार-आठ दिवस...”

“आईंचं तुम्ही चार वर्षं केलंत,” श्यामला शांतपणे म्हणाली. “मला निदान चार महिने तरी करू द्या.”

“किती सुंदर,” मृण्मयी म्हणाली. तेवढं एकदा मला तिचं म्हणणं पटलं.

सकाळी श्यामला गेली. मी तिला स्टँडवर सोडायला गेले होते. गाडीत बसताना ती हसली. लग्नाच्या फोटोतही ती अशी हसलेली नाही.

आता शामरावांची गंमत ऐका. त्यांना डबा देईना कोणी. डबेवाल्या बाईनं कार्यक्रम ऐकला होता, ती म्हणाली, “काका, का थट्टा करता गरिबाची? तुम्हाला तर सगळं येतं.” खालच्या मजल्यावरची इरा, नुकतं लग्न झालेली, विचारायला आली, की काका, तुमच्या पोळ्या मऊ कशा राहतात? शामरावांनी तिला सांगितलं, कणीक नीट मळावी. ती गेल्यावर दार लावून घेतलं आणि बिस्किटं खाल्ली. हात दाखवून अवलक्षण ते हेच. मला त्यांची दया आली असं मी म्हणणार नाही, कारण आली नाही.

आठवडाभरानं संध्याकाळी त्यांनी माझी बेल वाजवली. तोंड उतरलेलं, सदऱ्यावर हळदीचा डाग. माझ्या दारात उभं राहूनच त्यांनी येवल्याला फोन लावला. कानानं कमी ऐकू येतं म्हणून ते नेहमी स्पीकर लावतात. मला ऐकवायचंही असावं, म्हणजे बायकोवर चार माणसांदेखत दडपण येतं.

फोन आक्कांनी उचलला. शामरावांनी “माझी तब्येत...” अशी सुरुवात केली, पण आक्का थांबल्या नाहीत.

“शामराव, बरं झालं तुमचाच फोन आला,” त्या म्हणाल्या. “मला तुमची क्षमा मागायची होती. इतकी वर्षं मी तुम्हाला आपमतलबी समजत आले. श्यामलाला मनातल्या मनात म्हणायचे, कुठे दिली गं मी तुला. त्या दिवशी रेडिओवर ऐकलं आणि मला माझीच लाज वाटली. आईचं एवढं करणारा माणूस, आणि आता बायकोला एवढे दिवस पाठवलंत. तुमच्यासारखा जावई येवल्यात कोणाचा नाही. काही म्हणत होतात का तुम्ही?”

शामरावांनी सदऱ्यावरचा हळदीचा डाग अंगठ्यानं खरवडला. “काही नाही,” ते म्हणाले. “तुम्ही सावकाश बऱ्या व्हा.”

फोन ठेवला. मग माझ्याकडे न बघता विचारलं, “ललिताताई, वाटीभर डाळीला पाणी किती घालतात?”