मामांचं पोट

माझे मामा विट्याचे. कोइमतूरला त्यांचं गलाईचं, म्हणजे जुनं सोनं गाळून शुद्ध करायचं दुकान होतं. मामी विट्यातच राहायची. दर वर्षी यात्रेला मामा आले की त्यांचं पोट थोडं पुढे सरकलेलं असे आणि लोक कौतुकानं म्हणत, "दुकान बरं चाललंय की गड्या!" मामाही खूश होऊन पोटावरून हात फिरवत.

नव्वदीच्या दशकातल्या एका यात्रेला मात्र ते लंगडतच आले. गुडघे सुजलेले, अंग जड. मी तेव्हा सांगलीत कॉलेजला होते, म्हणून मीच त्यांना तिथल्या एका डॉक्टरबाईंकडे नेलं. मामीही आली. बाईंनी गुडघे पाहिले, रक्त तपासायला दिलं आणि मग टेप काढून मामांच्या पोटाचा घेर घेतला.

मामा चिडले. "आवं, दुखतंय गुडघं आन् तुमी पोट का मोजताय? मी काय सदरा शिवून घ्याय आलोय?"

मामी पदरात तोंड घालून हसली.

रिपोर्ट आल्यावर बाईंनी समजावलं, "संधिवात नाही. पण रक्तात सुजेची खूण आहे. पोटात आत साठलेली चरबी गप्प बसत नाही. तिच्यातून असे पदार्थ रक्तात जातात की अंगभर बारीक दाह चालू राहतो. हे अलीकडेच कळायला लागलंय. गुडघ्यांना वजनाचा भार आहेच, वर हा दाह."

त्यांना पोचवायला मीही एसटीनं विट्याला निघाले. विटा जवळ आल्यावर मामा मामीला म्हणाले, "उद्यापास्नं चालाय जायाचं. तू बी चल. एकट्याला लाज वाटती."

लग्नाला इतकी वर्षं झाली, पण दोघं अशी शेजारी-शेजारी कधी चाललीच नव्हती. मामांना कोइमतूरची घाई, मामीला घरची. आता पहाटे खानापूरच्या रस्त्याला दोघं निघायची. सुरुवातीला मामा दर वळणावर बसत. मी सुट्टीला विट्यात असले की परत येताना मामीचं बोलणं लांबूनच ऐकू यायचं. मामा वरचं तूप स्वतःच बाजूला सारू लागले. यात्रा उरकली तरी ते दोन-तीन महिने राहिले, दुकान भावावर सोडून.

पुन्हा रक्त तपासलं तेव्हा खूण पुष्कळ उतरली होती. गुडघे जिना चढताना कुरकुरायचेच, पण सूज गेली होती.

जायच्या आदल्या दिवशी मामांनी दोन तिकिटं आणली. मामी म्हणाली, "आवं, घराकडं कोण बघंल?"

"कुलूप बघंल," मामा म्हणाले. "तिकडं माझ्यासंगं चालाय कोन हाय?"

मामीनं भराभर पातळांच्या घड्या घातल्या. इतक्या घाईत मी तिला कधी पाहिलं नव्हतं.