गिटारवर लागलेलं दही

रुग्णालयातून यांचा फोन आला, "अरुण गेला गं..." तेव्हा मी दुधाला विरजण लावत होते. फोन ठेवला आणि सवयीने पातेलं भाऊजींच्याच खोलीत नेलं. त्याला आता सव्वा महिना झाला.

अरुणभाऊजी माझे धाकटे दीर. दिवसा मानकोलीच्या गोदामात सुपरवायझर, संध्याकाळी गिटार. अ‍ॅम्प्लिफायर जुना, आत दिव्यांसारखे पेटणारे व्हॉल्व्ह. "जरा हळू वाजवा की," मी म्हणायचे. "वहिनी, हा हळू बोलला की रडका वाटतो. पूर्ण ओरडला तरच गोड." "म्हणजे आईंसारखाच." आतून सासूबाई, "मला समदं आयकू येतंय हां!"

भिंतीपलीकडे कारखान्यातले यंत्रमाग खडखडत, तोवर कुणाची तक्रार नव्हती. मग ते माग विकले गेले. त्याच संध्याकाळी समोरचे उस्मानचाचा दारात. "अरुणभाई, लूम बंद हुए, तो तुम चालू?" भाऊजींनी अ‍ॅम्प्लिफायरवर चादर घातली. त्यानंतर कित्येक महिने हा माणूस नुसता जेवायचा आणि झोपायचा. थट्टा नाही, वाद नाही... मला ते बघवेना. "चादर काढा, नाहीतर विकून टाका," मी सांगून टाकलं.

एका रविवारी त्यांनी मुंबईच्या जुन्या बाजारातून एक लोखंडी पेटी आणली. तिला एकच मोठं, घराघराने फिरणारं बटण. अ‍ॅम्प्लिफायरने पूर्ण ओरडायचं, पेटीने ती ताकद उष्णतेत जिरवायची, स्पीकरपर्यंत थोडीच सोडायची. त्यांनी वाजवलं. तोच गोड आवाज, पण खोलीपुरता. मी पेटीला हात लावला, तर चांगली गरम! थंडीचे दिवस, दही लागत नव्हतं. मी पातेलं घेऊन आले.

"वहिनी, दुर्मिळ वस्तू आहे ही!"

"म्हणून तर फडक्यात गुंडाळून आणलंय."

"वर नको, हवेची जाळी झाकेल. बाजूला खेटून ठेवा."

मग दर थंडीत रोज हाक यायची, "पातेलं आणा, मी बसतोय." सकाळी विचारायचे, "कसं झालंय?" "पातळ. आज जोरात वाजवा."

एकदा चाचांनीच खाली गल्लीत उभं राहून विचारलं, "भाई, सुनाई नहीं देता. नाराज हो क्या?" भाऊजींनी बटण एक घर वर चढवलं. चाचा खुर्ची बाहेर काढून ऐकत बसले, ते रोजचेच झाले.

बटण अजून त्याच घरावर आहे. मी धूळ पुसते, ते हलवत नाही. पातेलंही तिथेच ठेवते, पेटीला खेटून. परवा चाचांना वाटीभर दही दिलं. चाखून म्हणाले, "पतला है, भाभी."

"बजानेवाला नहीं है ना, चाचा," मी म्हटलं.

त्यांनी वाटी पुसून संपवली आणि दुसरी मागितली.